यॉर्कमधलं घमेलं

तेलंगणातल्या आमच्या बाजारहत्नूरहून आदिलाबादच्या बसमध्ये बसले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, मैत्रिणीचं स्वेटर आणि दोनशे पानी वही होती. वहीत इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या जुन्या इमारतींची उंची, लांबी आणि सनावळी मी उतरवून घेतली होती. आमच्या कॉलेजातले पाच जण तिथल्या एका कॉलेजात दोन आठवडे पाहुणे म्हणून चालले होते. इतिहासाच्या सरांनी माझं नाव सुचवलं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, "ती? तिला हजेरी द्यायलाही घाम फुटतो." खोटं नव्हतं. सर म्हणाले, "ती बोलेल. जबाबदारी माझी." यॉर्कच्या मोठ्या चर्चवर यजमानांसमोर इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी गप्प राहिले असते तर मान सरांची खाली गेली असती.

यॉर्कला अजून तट आहे आणि त्यावरून चालता येतं. वारा असा की दोन्ही हात ओढणी धरण्यात गुंतले, वही काखेत. मिकलगेट नावाच्या वेशीतून राजे शहरात यायचे आणि राजद्रोह्यांची मुंडकी तिथंच टांगायचे, असं कळलं. मी थांबून 'मुंडकी' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. का, ते आता सांगता येत नाही.

शॅम्बल्स ही जुनी खाटकांची गल्ली. वरचे मजले इतके पुढे आलेत की समोरासमोरच्या बायका खिडकीतूनच भाजीची वाटी देऊ-घेऊ शकतील. देताना मात्र कुणी दिसलं नाही. जेवायला तळलेला मासा आणि बटाटे होते. मी पुडीतली जवसाची चटणी वर भुरभुरली. दुकानदारानं विचारलं, "औषध आहे का?" मी "हो" म्हणाले. नाही म्हटलं असतं तर पुढचं समजावून सांगावं लागलं असतं.

मोठ्या चर्चला तिथं मिन्स्टर म्हणतात. त्याचे मनोरे बघत मागे सरकताना मी एका आजोबांच्या पायावर पाय दिला, आणि माफी त्यांनीच मागितली. एका बाजूला परांची बांधली होती, म्हणजे काम चालू होतं. बोलायला तासभर उरला होता. पाठांतर करायला मी कडेला गेले, तर दोरीपलीकडे पाथरवटांचं आवार. एक पिकल्या केसांचा कारागीर दगडाच्या कपच्या घमेल्यात भरून उचलू लागला.

आमच्याकडे कुणाचं काम चालू असताना रिकाम्या हातानं बघत उभं राहत नाहीत. कुणाचं घर उभं राहत असो की खळ्यावर ज्वारी आलेली असो, वाटेनं जाणाराही दोन हात लावून पुढे जातो. माझे हात डोक्याला न विचारता निघाले. दोरीखालून वाकून मी घमेल्याचा दुसरा कान धरला.

"अहो! अहो!" तिघं एकदम ओरडले. एकानं धावत येऊन माझ्या डोक्यावर पिवळी टोपी बसवली.

कारागीर म्हणाला, "नोकरी हवी असेल तर आधी अर्ज करायचा असतो, मुली."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "जड आहे. तुम्ही म्हातारे आहात."

तो इतका हसला की घमेलं खाली ठेवावं लागलं. मग आम्ही ते दोघांनी उचलून नेलं. त्यानं मला तो घडवत असलेला दगड दाखवला. झिजलेला काढून हा बसवायचा. चर्चची एक बाजू दुरुस्त होईतो दुसरी झिजते, म्हणून हे काम कधी संपतच नाही. दगडाच्या एका अंगाला त्यानं आपली खूण कोरली होती.

"ही बाजू भिंतीत जाईल," तो म्हणाला.

"मग कुणाला दिसणार?"

"मला माहीत आहे ना."

सभागृहात पोचले तेव्हा ओढणीवर पांढरी धूळ होती. वहीतला पहिला आकडा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. आमच्यासोबत आलेले सर पहिल्या रांगेत बुटांकडे बघत होते. मी वही मिटली आणि घमेल्यापासून सुरुवात केली. बोलले पाचच मिनिटं, तेही मोडकंतोडकं. जिथं हसावं असं मला वाटलं नव्हतं तिथं लोक हसले, पण नंतर त्यांनी प्रश्न विचारले, आणि मी उत्तरंही दिली. बाहेर आल्यावर सर, जे वर्गात इंग्रजीशिवाय बोलत नाहीत, तेलुगूत म्हणाले, "बागा चेप्पावु (छान सांगितलंस)." आणि चष्मा पुसत बसले.

घरी परतल्यावर आईला मी आधी राजे सांगितले. ती कापसातला कचरा वेचत "हं, हं" करत राहिली. घमेल्यापाशी आले तशी तिनं मान वर केली.

"अन् तो मानूस चिडला नाही?"

"नाही. टोपी देली मले."

"लोकायनं आयकलं तुयं बोलनं?"

"आयकलं."

"मंग एवढे दिवस तू कोनाले भेऊन राह्यली होती वं?"

प्रश्न मराठीत होता, घरचा होता, आणि समोर फक्त आई होती. तरी मला घाम फुटला.