बघतो म्हणजे नाही

माझे सासरे उलरिश हेनेल भयंकर हट्टी. मुंबईत पूर्व जर्मनीच्या कॉन्सुलेटमध्ये होते. तिकडे कम्युनिस्टांचं राज्य बुडालं, दोन्ही जर्मन्या एक झाल्या आणि नव्या परराष्ट्र खात्याने दोन ओळींचं पत्र धाडलं, आपली गरज नाही. वय बेचाळीस. गडी तिथून थेट लाइपझिगच्या पार्सल गोदामात. सतरा वर्षं खोकी उचलली आणि जेवणाच्या सुट्टीत मराठी व्याकरण घोकलं. सोबतचे हसायचे. हसोत बापडे! शेवटी परीक्षा देऊन, शपथ घेऊन बाबा कोर्टाचे मराठी दुभाषी झालेच.

आता सत्त्याहत्तरी गाठलीय, म्युनिकला आमच्या शेजारी राहतात. पण कॉन्सुलेटच्या नोकरीबद्दल बाहेर अवाक्षर काढत नाहीत. एकदा कुणीतरी विचारलं होतं, "म्हणजे हेरच ना?" ते जिव्हारी लागलं.

यंदा मे महिन्यात मनु आणि केया या भाडेकरू जोडप्याची केस आली. घरमालक दिनकर, आपलाच मराठी माणूस, म्हणे यांनी मार्चपर्यंत घर सोडायचं कबूल केलं होतं. पुरावा काय, तर मनुचा व्हॉइस मेसेज. केयाचं बाळ तीन आठवड्यांचं. हरले तर जाणार कुठे? म्युनिकात वोनुंग, भाड्याचं घर, मिळणं म्हणजे देव भेटणं.

मी मागच्या बाकावर बसले होते. मेसेज वाजला, "हो हो दिनकरदादा, मार्चपर्यंत ना, बघतो."

बाबांनी शब्दाला शब्द जर्मन करून सांगितलं. दिनकरचा वकील खुलला. मग बाबा उठले, न्यायाधीशबाईंची परवानगी मागितली आणि म्हणाले, "मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. बघतो म्हणतो. हा होकार नाही."

दिनकरला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण सोयीचं विसरायला शिकवणी लागत नाही.

"हे कुठे शिकलात?" वकिलाने विचारलं.

जुन्या नोकरीचं खरं सांगितलं तर हा वकील हेर म्हणून तेच धरून बसणार, आणि मनुचं घर जाणार. नुसतं मुंबईत म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मुंबईत," बाबा म्हणाले. "मी डेडेएरचा, पूर्व जर्मनीचा राजनैतिक अधिकारी होतो. आमचा ड्रायव्हर नागेश. पहाटे गाडी आणशील का विचारलं की म्हणायचा, बघतो साहेब. तीनदा माझं विमान चुकलं. चौथ्यांदा मी टॅक्सी सांगितली."

"म्हणजे ज्या देशाचं आज नावही उरलं नाही, त्याचे तुम्ही अधिकारी."

"देश बुडाला," बाबा शांतपणे म्हणाले. "माझं मराठी नाही बुडालं."

बाईंनी दिनकरलाच विचारलं, दुभाषी सांगतात ते बरोबर आहे का. तो मनुकडे बघेना. "आल्झो... म्हणजे..." मग मान खाली घालून म्हणाला, "गेनाऊ. बरोबर आहे." दावा तिथेच बारगळला.

बाईंनी बाबांची टीप नोंदवहीत घ्यायला सांगितली. "तेव्हाचं पद काय लिहू?"

"व्हाइस कॉन्सुल."

"माजी?"

"माजी," बाबा म्हणाले, आणि तसं लिहिलं गेलं.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि ढसाढसा रडायला लागले. पस्तीस वर्षांत कुठल्या जर्मन कचेरीने त्यांचं पद कागदावर लिहिलं नव्हतं. मी शेजारी टेकले. म्हटलं, "अहो बाबा, रडा पोटभर. मला घाई नाही."