सरकार मागच्या सीटवर

जीपची मागची चाकं ओढ्याच्या वाळूत रुतली तेव्हा गाडीत आम्ही तिघं होतो. पंचायत समितीचे सभापती आबा, पट्टेवाला शंकर आणि ड्रायव्हर मी.

समित्या तेव्हा नव्यानं झालेल्या. सभापती म्हणजे तालुक्यातून निवडून आलेल्यांचा प्रमुख. पण गावात 'सरकार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं यायचा खाकी कोट, तांबडा पट्टा आणि पितळी बिल्ला. ते सगळं शंकरच्या अंगावर. आबा धोतर-पटक्यात. मी घरच्या सदऱ्यात, कारण माझी नोकरी कच्ची.

शंकरचा मला लय हेवा वाटायचा. गावोगाव त्याला बाजलं आणि दूध, मला जीपच्या सावलीत तांब्याभर पाणी. त्यात त्याचा मेहुणा ड्रायव्हिंग शिकलेला, आणि महिन्याच्या मीटिंगला माझ्या जागेचं ठरणार होतं. मी माण तालुक्यातला, सातवीत शाळा सोडलेला. इकडं सांगलीकडं ओळखीचं कुणी नाही. आबांनी ठेवून घेतलं म्हणून पोटाला मिळत होतं. जागा गेली की परत दहिवडीची गाडी आणि मेंढरं.

फोर-व्हीलचा लिव्हर, म्हणजे चारी चाकांना जोर देणारा दांडा, बिघडलेला. आबांनी उतरून शेजारच्या रानात हाक दिली, "आवं, जरा हात लावा की."

"भांगलण चाललीया, पावनं. मागनं येतो."

मग शंकर उतरून नुसता उभा राहिला. बिल्ला दिसला तशी चार माणसं पळत आली.

"सरकार, तुमी बसा. पाय भरत्याल."

शंकर खरंच मागच्या सीटवर बसला. आबा धोतर खोचून त्या चौघांबरोबर ढकलायला लागले.

माझं डोकं फिरलं. "शंकर, उतर. वजन होतंय."

तो उतरला. चाकं जागच्या जागी गरगरली आणि आणखी खाली गेली.

"बसव रं त्याला," आबा मागनं म्हणाले. "वजन असलं की चाक धरतंय."

बरोबर होतं. जी चाकं ओढतात, त्यांच्यावर ओझं लागतं. रागात मी ते विसरलो होतो.

"या सरकार, बसा," मी म्हणालो.

शंकर हसत बसला. जीप निघाली.

एकानं आबांना विचारलं, "तुमी क्लीनर व्हय?"

"सभापती. तुमच्याच मतांवर आलोय."

"आसंल. मग ह्ये सरकार?"

"आमचा पट्टेवाला."

त्याला काही पटलं नाही. जाताना रामराम त्यानं शंकरलाच घातला.

वाटेत आबांनी धोतराची वाळू झटकली. मग म्हणाले, "मी कोन, ते तू का सांगितलं न्हाईस रं?"

मी म्हणालो, "सांगितलं असतं तर त्यांनी तुमालाबी बसवलं असतं, आबा. ढकलायला एक मानूस कमी."

शंकर फिसकन हसला. आबा हसले नाहीत.

मीटिंगला मात्र त्यांनी माझी जागा पक्की केली. म्हणाले, "ड्रायव्हरला कुनाचा कुटं उपेग करायचा ते कळतंय." लगोलग जीपला पुढं लाल पाटीही लावून घेतली, 'सभापती'. तेव्हापासून लोक गाडी बघूनच उठायला लागले.

निवडून आलं की सभापती होता येतं. सरकार व्हायला लांबून दिसेल असं काहीतरी लागतं. मला खाकी मिळाली. बिल्ला ड्रायव्हरला नसतो, असं ऑफिसनं कळवलं. शंकरचं दूध चालूच राहिलं.