साडूभाऊंची पिवळी बाही

तर काल गोष्ट सांगता सांगता साडूभाऊंना मी फुलांच्या टोपलीसकट कॉलेजच्या फाटकातच उभं करून ठेवलं आणि मला डुलकी लागली. आता त्यांना आत घेऊ.

साडूभाऊ म्हणजे आमच्या थोरल्या मेहुणीचे यजमान. शाळा माझ्याइतकीच, चौथीपर्यंत. पण कॉलेजात वनस्पतींच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून तीस वर्षं काढली. सकाळी फुलं आणायची, ताटल्यांत मांडायची, भिंगं पुसायची आणि दाराशी उभं राहून ऐकायचं. फुलाच्या पोटात टोकाला परागाची पुडी घेऊन धागे उभे असतात ना, ते पुंकेसर. त्यांची मांडणी पाहून हा माणूस फुलाचं कूळ सांगायचा. "सहा जण, त्यात चार उंच, दोन बुटके? मोहरीच्या घरचं. नऊ भाऊ एकत्र आणि दहावा वेगळा निघालेला? वाटाण्याच्या." आमच्याकडे आले की आधी जास्वंदीचं पोट फाडायचे. "बघ, सगळं खटलं एकाच नळीत." आमची ही म्हणायची, "दाजी, एखादं फूल झाडावरही राहू द्या."

त्यांची लेक त्याच कॉलेजात. प्रात्यक्षिकात एकदा नापास झालेली. दुसऱ्यांदा गेली की कॉलेजचं दार बंद. परीक्षेला कुठलं फूल येणार, ते सरांनी फक्त साडूभाऊंना सांगितलेलं. आदल्या संध्याकाळी पोरगी मागेच लागली.

"बाबा, पुंकेसर पाच की दहा, एवढं तरी सांगा."

"भाजीत मीठ कमी आहे, एवढं सांगतो."

मेहुणी तडकली. "पोटच्या पोरीपेक्षा सर जवळचे झाले का?"

सकाळी फुलं कॉलेजात पोचवून साडूभाऊ चहाला घरी आले. लेकीने आधी त्यांची बाहीच धरली, कारण फुलं खुडताना पराग कपड्याला लागल्याशिवाय राहत नाही. बघते तो काय, पिवळा, नारिंगी, पांढरा, सगळ्या बागेचा धुरळा बाहीवर. फूल खुडायचं होतं एकाच जातीचं, पण गडी एकेका ताटव्यात बाही घासत आला होता.

परीक्षेत पाकळ्या काढलेलं फूल भिंगाखाली ठेवलेलं. दहा पुंकेसर, दहाही एकत्र जोडलेले. पोरीने जास्वंदीचं कूळ लिहायला पेन टेकवलंसुद्धा. मग तिला दिसलं, एक उंच, एक बुटका, असे आलटून-पालटून उभे. बाप कधीतरी जेवताना बोलला होता, "तागाचे दहाही एकत्र नांदतात, पण शेजाऱ्याशी उंची जुळत नाही. घर मात्र वाटाण्याचंच." तिने तेच लिहिलं आणि सुटली.

निकाल लागेपर्यंत मेहुणी नवऱ्याशी ताट वाढण्यापुरतंच बोलत होती. पुढे एकदा मी साडूभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, "आणि पोरगी नापास झाली असती तर?" त्यांनी चष्मा काढला, त्याच बाहीने पुसला आणि म्हणाले,

"तर जन्मभर तिच्यासमोर मान खाली घालून जेवलो असतो. बाही मात्र तशीच घासली असती. आणि तू त्या दिवशीच्या चहाचं विचार ना, बाही सोडताना पोरीचं तोंड पाहिलं आणि कप भरलेलाच ठेवून उठलो होतो."