तेवढीच जागा ओली

"आजी, जरा उठता का? ओटा धुवायचाय."

माझी माय उठली. गुडघ्यावर हात दाबून, आधी एक पाय, मग दुसरा. ओट्यावर आणखी चार म्हातारी माणसं होती. ती बसूनच राहिली. ज्यांचा ओटा त्या अक्कांनी बादली आणली आणि माय बसली होती तेवढ्याच जागेवर पाणी ओतलं. शेजारच्या म्हाताऱ्याने पाय वर घेतले, ओले होऊ नयेत म्हणून. खराटा दोनदा फिरला. अक्का आत गेल्या. माय लिंबाच्या झाडाला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग त्याच ओल्या जागेवर जाऊन बसली.

मी दवाखान्यातून ड्युटी संपवून येत होते. कोपऱ्यावरून सगळं पाहिलं. मे महिना होता. जळगावचा मे. आमच्या कॉलनीत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं. लोक भांडी घासलेलं पाणी झाडांना घालत होते. आणि इथे चांगली अर्धी बादली फरशीवर गेली होती.

घरी आल्यावर मायला विचारलं. ती म्हणाली, "उन्हाळा शे ना बाई. फरशी तपस. गारवा करतस त्या."

आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ओट्यावर पाणी मारतातच. येणाऱ्याला गार वाटावं म्हणून. तो एक प्रकारचा पाहुणचारच. मीसुद्धा इतके दिवस तसंच समजत होते. मायच्या लुगड्याला मागून ओल दिसायची आणि मी म्हणायचे, बरे लोक मिळाले. पण गारवा करायचा तर सगळ्या ओट्याला करतात. एकट्या म्हातारीपुरता कोण करतं?

मी सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा गेल्यावर कर्ज काढून मेहरूणच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या आणि भडगावकडच्या गावाहून मायला घेऊन आले. वास्तुशांत घातली नाही, बुद्धवंदना घेतली. त्या दिवशी गल्लीला आमची जात कळली. त्याआधी सगळे "सिस्टर, या ना" म्हणत. नंतरही म्हणत. अक्कांचे मालक नाना, निवृत्त तलाठी, कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं बीपी बघायला मीच जायचे. नानांच्या दंडाला माझा हात चालत होता. त्यांच्या ओट्याला माझी माय चालत नव्हती.

गावात माय कुणाच्या ओट्यावर बसलेली नव्हती. ओट्याखाली उभं राहायचं आणि वरून पडेल ते ओंजळीत घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक. जळगावला आल्यावर पहिल्यांदा ती ओट्यावर बसली तेव्हा मी लांबून बघितलं होतं. मला अभिमान वाटला होता. माझ्या पगाराने मायला ओट्यावर चढवलं, असं काहीतरी मनात आलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, म्हातारीला रोज चालवा, नाहीतर गुडघे आखडतील. चालवा म्हणायला काय जातं? आमच्या गल्लीत प्रत्येक घराला कंपाउंड आणि कंपाउंडवर काचा. म्हातारं माणूस दमलं तर टेकायला साधा दगड नाही. घरापासून दुधाच्या केंद्रापर्यंत बसायला जागा एकच, नानांचा ओटा. तो बंद झाला की मायचं चालणं बंद. चालणं बंद झालं की खाट. खाटेला खिळलेली म्हातारी माणसं मी वॉर्डात रोज कुशीवर वळवत होते. पाठीच्या जखमा धूत होते. माझ्या मायचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

तरीही दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "माय, आतेपाईन तठे जाऊ नको."

"का बरं?"

मी सांगितलं. शब्द जुळवून, तिला लागू नये असं सांगितलं. माय शांतपणे लसूण सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "माले काय समजत नही का? सत्तर वरीस त्यासनं पानी वरथून झेलं मी. कोनतं पानी गारवानं आनि कोनतं इटाळनं, इतलं समजस माले."

"मंग कसाले जास?"

"मी घर बसनी त त्या जिकतीन. आते दोनडाव जासू. सकायबी आनि संध्याकायबी. धोऊ दे त्यासले. नळ त तिसरा दिनले येस. देखसूत, कितला दिन धोतस."

आणि ती हसली. दात नसलेलं, मोठं हसू. खरोखर ती दोन वेळा जायला लागली. अक्का दोन वेळा बादली काढायला लागल्या. गल्ली बघत होती. म्हातारी ओल्या फरशीवर बसून जिंकत होती आणि घरी येऊन मला गुडघे शेकायला सांगत होती. मला ते जिंकणं नको होतं. माझ्या मायचं म्हातारपण कुणाची बादली रिकामी करण्यात का जावं? रागाने माझी झोप उडाली होती.

त्याच महिन्यात कॉलनीची मीटिंग झाली. नानांच्या अंगणात, सतरंजी टाकून. विषय चांगला होता. महापालिकेच्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्यांसाठी बाकं टाकायची, सावलीला झाडं लावायची, महापालिकेला तसा अर्ज करायचा. मी सगळ्यांत आधी हात वर केला. म्हटलं, बाकं बुटकी करा, पाठ टेकायला आधार ठेवा, उठताना धरायला दांडा पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना खूश झाले. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या आईंचीही सोय आम्ही बघितलीय. कडेला त्यांच्यासाठी एक वेगळं बाक टाकू. रोजची उठबस नको. त्यांनाही मोकळं वाटेल."

"छान कल्पना," कुणीतरी मागून बोललं.

वेगळं. नानांनी तो शब्द इतक्या मायेने उच्चारला की क्षणभर मी "बरं" म्हणणार होते. तोंडात आलंच होतं. लहानपणापासून तो "बरं" माझ्या तोंडात बसलेला होता. शाळेत दाराजवळ बसवलं, बरं. लग्नात सगळ्यांत शेवटच्या पंगतीला बसवलं, बरं. मग मला दिसली माय, हात दाबून उठणारी. एकटीच उठणारी.

मी उभी राहिले. म्हटलं, "वेगळं बाक आलं तर मी स्वतः घणाने फोडीन. माझी माय मधल्या बाकावर बसेल."

नाना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही उगाच जातीवर जाताय."

"मी जातीचं नावसुद्धा घेतलं नाही, नाना. तुम्ही घेतलं."

अक्का दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मी चपला घातल्या आणि निघून आले.

अर्ज गेलाच नाही. गल्लीत बोलणं सुरू झालं, नर्सबाईने म्हाताऱ्यांची बाकं घालवली. चोर सोडून संन्याशाला फाशी. नानांचं बीपी बघायला मला कुणी बोलावलं नाही. मग एका रविवारी मी गवंडी बोलावला आणि रस्त्याकडची कंपाउंडची भिंत पाडायला लावली. काचांसकट. तिथे माझ्याच जागेत, रस्त्याकडे तोंड करून ओटा बांधायचा होता. गवंडी म्हणाला, "किती उंच धरू?" त्याच्या हिशेबाने कमरेएवढा. मायने घरातली बादली आणली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली. पाय जमिनीला नीट टेकले. न दाबता, न कण्हता उठून दाखवलं.

"इतला," ती म्हणाली.

ओटा बादलीएवढा झाला. पुढचे कितीतरी दिवस त्याच्यावर माय एकटीच बसायची. मग रस्ता झाडणारी म्हातारी बसायला लागली. मग मागच्या गल्लीतले पानवाले चाचा. मग नानांच्या ओट्यावरचा तो, पाय वर घेणारा म्हातारा. तो पहिल्या दिवशी मायकडे न बघता बसला. मायने त्याला तंबाखू दिली. त्याने घेतली.

आणि एका दुपारी अक्का. बाजारातून येत होत्या, दोन्ही हातांत पिशव्या, ऊन डोक्यावर. त्यांचेही गुडघे गेले होते. घर पन्नास पावलांवर राहिलं होतं, पण ते होईना. त्या आमच्या ओट्यावर टेकल्या. माय आतून म्हणाली, "पानी दे त्यासले." मी तांब्या घेऊन गेले.

"नको. आत्ताच प्यायलेय," अक्का म्हणाल्या. ओठ कोरडे पडलेले होते. चेहरा लाल. मी नर्स आहे, तहान मला कळते. मी तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि आत आले. त्या गेल्या तेव्हा तांब्या भरलेलाच होता. माय म्हणाली, "व्हट वाळनात, तरी पेनी नही."

माय शेवटपर्यंत चालती होती. शेवटचे चार दिवस फक्त खाटेवर.

आता मोकळ्या जागेत बाकं आली आहेत. महापालिकेनेच टाकली. झाडंही वाढलीत. कडेला, गटारीजवळ एक बाक जरा लांब आहे. जागा पुरली नाही म्हणून, असं सांगतात. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष आहे. माझेही गुडघे कुरकुरतात. त्या लांबच्या बाकावर मी कधी बसले नाही, बसणार नाही. रोज संध्याकाळी मी मधल्या बाकावर बसते. ज्याला बादली आणायची असेल त्याने आणावी. पाणी माझ्या अंगावर ओतावं लागेल. मी उठणार नाही.