अक्काच्या बोटाचा गेरू

भातकुलीहून भाऊजींचा गडी अकोल्याला आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी भाजी निवडत होते. "अक्का गेली," एवढंच तो बोलला. मी त्याच्यावरच खेकसले, "काय बोलून राहिला रे? तिची नागीण तर कवाचीच वाळली!"

नागीण... अंगावर जळते फोड उठवणारा तो मेला आजार आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला आला. आधी मला झाला, कमरेला. नागिणीचं तोंड-शेपूट भेटलं की माणूस दगावतो, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मी भीतीनंच अर्धी झाले होते. अक्का घरदार टाकून धावत आली. दूर्वांच्या रसात गेरू उगाळून तिनं फोडांच्या दोन्ही टोकांना बोटानं आडव्या रेघा ओढल्या. "कावून रडतं वं? हे पाय, कुंपण घातलं. आता कशी भेटते थे, पायतोच मी!"

मग तीच मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. ते म्हणाले, फोड आपोआप वाळतील, फोडू नका, कोरडे ठेवा. गेरूनं थंड वाटेल, पण रोग जायचा नाही. आणि मागून आग महिनोन्‌महिने राहू शकते. अक्कानं मान डोलावली, घरी येऊन पुन्हा रेघ ओढली. डॉक्टर काहीही म्हणोत, मला झोप लागायची ती त्या रेघेनंच.

पुढे तिला झाली, ती डाव्या बाजूला, छातीवर. फोड गेले, आग राहिली. त्या सकाळी छातीत कळ आली, घाम फुटला, पण घरात कुणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. "जुनीच आग हाय, गेरू द्या," म्हणाली. भाऊजींनी वाटी दिली, ती लावत बसली. अमरावतीला न्यायला दमणीला बैल जुंपेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदयाचं दुखणं होतं गं ते, अक्का! मला डॉक्टरकडे ओढत नेणारी तू, स्वतःच्या वेळी अशी कशी भोळी झालीस?

तेराव्याला भाऊजींनी ती वाटी माझ्या हाती दिली. तळाशी गेरू वाळलाय, त्यात तिचं बोट फिरल्याची खूण आहे. माझी कमर अजून अधूनमधून पेटते. वाटीत चमचाभर पाणी घातलं की गेरू भिजेल, थंडही वाटेल... पण मग तिचं बोट पुसलं जाईल. मी वाटी परत फळीवर ठेवते आणि तशीच जळत पडून राहते.