पाय न वाजवता

टोकियोत तोयोसुला नवऱ्याचं ऑफिस, मुलगी दिवसभर शाळेत, आणि मी कोतो भागातल्या अकराव्या मजल्यावर कुठला कचरा कुठल्या वारी ठेवायचा ते पाठ करत बसलेली. पुण्यात नऊ वर्षं कथक शिकले होते, ते अंगातच गंजत चाललं होतं. स्टेशनाजवळच्या एका तळघरात फ्लामेंको हा स्पॅनिश नाच शिकवतात असं कळलं आणि मी नाव घातलं. नवरा म्हणाला, "इथे खुर्ची सरकवली तरी खालचे नोटीस लावतात, आणि तू पाय आपटायला शिकणार?"

सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, पन्नाशीच्या. स्पेनमध्ये सहा वर्षं राहून शिकून आलेल्या. त्यांच्या बुटांच्या टाचांना खिळे ठोकलेले असत आणि लाकडी फळीवर त्या टाचा वाजायला लागल्या की मला माझ्या गुरूंच्या तत्काराची आठवण यायची. ताल बारा मात्रांचा, पण वजन भलत्याच ठिकाणी. आवर्तन संपायचं दहाव्या मात्रेवर. ते अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

ईशान्य जपानच्या त्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला दोन वर्षं होत आली तेव्हा एका मंगळवारी सेन्सेईंनी बूट कपाटात ठेवले आणि सांगितलं, "यापुढे नुसत्या मोज्यांवर. पाय वाजणार नाहीत." जो आघात टाचेनं द्यायचा तो आता श्वासानं, मनगटानं, पाठीच्या एका ताणानं द्यायचा. निम्मा वर्ग सोडून गेला. एक जुनी विद्यार्थिनी तर सगळ्यांदेखत म्हणाली की हा फ्लामेंकोचा अपमान आहे. मीही घरी येऊन नाकं मुरडली. बिनमिठाची आमटी म्हणाले. तरी जात राहिले, कारण घरात बसून करणार काय?

बूट ठेवून देण्यामागचं कारण सेन्सेईंनी मला नंतर एकदा ट्रेनची वाट बघताना सांगितलं. त्यांचे वडील लाटेत गेले होते आणि सापडले नव्हते. आई ईशान्य किनाऱ्यावर, भूकंपग्रस्तांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत एकटीच राहत होती. ते सापडल्याशिवाय मी टोकियोला येणार नाही, असं म्हणायची. जमीन जराशी थरथरली, शेजारी कुणी दार आपटलं, की टेबलाखाली जाऊन बसायची. मुलीचा नाच तिनं कधीच पाहिला नव्हता. आधी तो शिकणंच पसंत नव्हतं म्हणून, आता तो आवाज ऐकवणार नाही म्हणून. "तिला बघता येईल असा नाच हवाय मला," सेन्सेई म्हणाल्या. आमटीची आठवण होऊन मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या वसंतात आम्ही तिघी गेलो: सेन्सेई, गिटार वाजवणारी एक मुलगी, आणि टाळ्यांचा ठेका धरायला मी. वसाहतीच्या सामायिक खोलीत पंधरा-वीस म्हातारी माणसं बसली होती. सेन्सेईंच्या आई सगळ्यांत शेवटी आल्या. शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा आल्यात इथे." आजी दाराजवळच बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

सेन्सेई नाचल्या. मी आजींकडेच बघत होते. पिशवीवरची पकड हळूहळू सुटली, मान पुढे आली, तोंड किंचित उघडं राहिलं. शेवटाकडे सेन्सेईंनी हातांची एक ओळ तीनदा घेतली, अगदी आपल्या कथकातल्या तिहाईसारखी, जी समेवर पाय मारूनच संपते. तिचा शेवट त्यांनी मूठ मिटून, गप्प करायचा बसवला होता. मला ते ठाऊक होतं, तालमीत शंभर वेळा झालेलं होतं. पण जित्याची खोड. तिहाई पाहिली आणि माझ्या शरीरानं सम दिली. दहाव्या मात्रेवर माझी उजवी टाच त्या पोकळ जमिनीवर दणकन बसली. अख्खी खोली हादरली.

आजी टेबलाखाली होत्या. पिशवीतली संत्री जमिनीवर घरंगळत गेली. गिटार थांबली. सेन्सेई तशाच मूठ मिटून उभ्या होत्या, मग त्या वाकून आईशेजारी जाऊन बसल्या.

बाहेर आल्यावर आजींनीच माझी माफी मागितली, कमरेत वाकून. "एवढ्या लांबून आलात आणि मी असा तमाशा केला." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सेन्सेई म्हणाल्या, मनावर घेऊ नका. गिटारवाली म्हणाली, मनावर घेऊ नका. नवरा तेच म्हणाला. वर्षभर मी हेच ऐकलं, आणि त्यानं कणभरही बरं वाटलं नाही.

त्यानंतर आजी त्या खोलीत आल्या नाहीत. सेन्सेईंनी दोनदा बोलावलं, दोनदा त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेल्या.

सेन्सेईंना भेटायला गेले तेव्हा मी सांत्वनाची नेहमीची वाक्यं पाठ करून गेले होते. ती बाजूला राहिली आणि मी म्हणाले, "माझ्यामुळे त्यांचं बघायचं राहिलं."

"हो," सेन्सेई म्हणाल्या. "शेवट कसा होता, असं आईनं मला फोनवर विचारलं होतं. फोनवर कसा सांगणार? मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे."

मग त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मंगळवारी वेळेवर या."