स्पीकरखालचे रबर

सुधीर माझा जुना मित्र. माझी बायको नंदा गेल्यापासून घरात गाणं लागलं नव्हतं, म्हणून तो स्पीकरखाली ठेवायचे जाड रबरी पाय घेऊन आला. टेबलाला हादरे बसत नाहीत, आवाज स्वच्छ येतो, म्हणाला. त्याने आधी एक चीज नुसतीच लावली, मग पाय बसवून तीच पुन्हा.

"डोळे मिटून ऐक. पडला फरक?"

"पडला," मी म्हटलं. खरं तर मला दोन्ही वेळा सारखंच लांबून आल्यासारखं वाटलं होतं.

"अरे, शोकेसकडे बघ! कपबश्या वाजायच्या बंद झाल्या."

तबल्याचा बायां घुमला की शोकेसमधल्या कपबश्या किणकिणायच्या. मग स्वयंपाकघरातून नंदा ओरडायची, "आवाज कमी करा हो, फुटतील त्या!" मी बटण जरासं फिरवायचो आणि ती आत वळली की पुन्हा वाढवायचो. कपबश्यांचं किणकिणणं हा गाण्यातला दोष आहे, असं मला कधी वाटलंच नाही. घरात वाजणाऱ्या गाण्यात घरही थोडं वाजणारच.

"ठेवायचे ना हे?" सुधीरने विचारलं.

"ठेव."

तो खुशीत घरी गेला. मी तीच चीज पुन्हा लावली आणि आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग बटण शेवटपर्यंत फिरवलं. कपबश्या जागच्या हलल्या नाहीत. स्वयंपाकघरातूनही कुणी काही म्हटलं नाही.